कोकमाच्या बियांतले लोणी : रुक्ष व कुरळ्या केसांची घरगुती निगा

मे महिना सरत आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाड्यावाड्यांतून अंगणात कोकमाच्या सालींची वाळवणे दिसू लागतात. पाऊस तोंडावर आलेला असतो, म्हणून घरातली सारी बायामाणसे फळे फोडण्यात गुंतलेली असतात. सालींची आमसुले होतात, रसाचे आगळ होते, साखर घालून सरबताचा पाक होतो. राहता राहिल्या बिया. पुष्कळ घरी त्या टोपल्या भरभरून उकिरड्यावर जातात आणि मृगाच्या पहिल्या सरीला तिथेच रुजून येतात.

ह्या टाकून दिलेल्या बियांत लोण्यासारखा घट्ट स्निग्धांश असतो. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात, दक्षिण कोकणात मुठेल, तर इतरत्र नुसतेच कोकमतेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो लावावयाचा, हे कोकणातल्या जुन्या बायकांना ठाऊक आहेच. त्याच तेलाचा रुक्ष, राठ आणि कुरळ्या केसांना कसा उपयोग करून घ्यावा, ते आज सांगावयाचे आहे.

शेती खात्याच्या माणसाने केसांवर लिहावे, आणि तेही स्वतःच्या डोक्यावर फारसे केस उरलेले नसताना, ह्याचे वाचकांना हसू येईल. पण हा विषय मला दोन घरांनी शिकविला. त्यांची हकीगत आधी सांगतो.

दोन घरे, दोन मुली

१९९६ साली मी घाटावरच्या एका दुष्काळी तालुक्यात नोकरीला होतो. रब्बी ज्वारीचे प्रात्यक्षिक ज्यांच्या रानात घेतले होते, त्यांच्या घरी दुपारी पाणी प्यावयास थांबलो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. तिचे केस दाट, कुरळे. मानेपाशी त्यांचा चेंडूएवढा गोळा झाला होता आणि त्याला हळदकुंकू लावलेले होते. माझी नजर गेलेली पाहून तिची आई म्हणाली, "देवीची हाय ती, सायेब. तिला फणी लावायची न्हाई."

त्या गोळ्यात देवी नाही, मळ आहे, साबणाचा चिकटा आहे आणि विंचरायचे राहून गेलेल्या केसांचा गुंता आहे, हे मला कळत होते. मी कृषी विषयाचा पदवीधर. पण परक्याच्या घरात, देवाच्या गोष्टीत, आपण कशाला बोला, असे वाटून मी गप्प बसलो आणि खोडमाशीचा विषय काढला. पुढल्या वर्षी त्या गावी गेलो तेव्हा मुलीची शाळा सुटली होती. तिचे काय ठरले आहे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

दुसरे घर सिंधुदुर्गातले. साल २०१४, दिवस मे अखेरचे. कोकमाच्या कलमांची पाहणी करावयास गेलो होतो. पडवीत सहावीतली एक मुलगी रडत होती आणि तिची आई हातात कात्री घेऊन उभी होती. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते, आणि डोक्यात कंगवा चालत नव्हता. आजी म्हणाल्या, "साहेबांनू, ह्या चेडवाचे केस म्हणजे नारळाचा सोडण. फणी शिरणाच नाय." शेजारच्या एक बाई हळूच म्हणाल्या की असल्या केसांत जट धरते, देवाला विचारून घ्या. ते शब्द ऐकले आणि मला घाटावरची ती मुलगी आठवली. ह्या वेळी मी खाली बसलो.

चौकशी करता कळले की मुलीचे डोके आठवड्यातून एकदा कपड्याच्या वडीने धुतात. विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून वडी जास्त घासतात. तेल लावतात ते कोरड्या केसांना, आणि तेही टाळूवर थापून. शेंड्यांपर्यंत तेल पोचतच नाही. आजींच्या उशाशी करवंटीत कोकमतेलाचा गोळा होता. तो केसांना लावून पाहू, असे म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. "पायाक लावतंव ता डोक्याक कसा लावचा?" शंका रास्त होती. शेवटी शिंक्यावरचा, कोणी हात न लावलेला, नवा गोळा काढला.

तीन संध्याकाळी आईने आणि आजीने मिळून तो गुंता बोटांनी सोडविला. थोडे केस तुटले, दोन ठिकाणी गाठ कापावीच लागली. पण कात्रीचे काम तेवढेच. जूनमध्ये मुलगी दोन वेण्या घालून शाळेत गेली.

त्या तीन संध्याकाळी जे केले, त्यामागचे कारण आणि रीत आता पाहू.

केस रुक्ष का होतात?

केस हा शरीराचा जिवंत भाग नव्हे. त्वचेखालचे मूळ जिवंत असते. बाहेर आलेला केस म्हणजे नखासारखाच निर्जीव धागा. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फूट लांब केसांचे शेंडे चार-पाच वर्षांचे जुने असतात. चार-पाच उन्हाळे, तेवढ्याच सुगीच्या धुळी आणि शेकडो वेळा विंचरणे त्यांनी सोसलेले असते. मुळाशी केस मऊ आणि शेंड्याला राठ असतो तो म्हणूनच.

प्रत्येक केसावर कौलांसारखी, एकावर एक बसलेली बारीक खवल्यांची साल असते. कौले नीट बसलेली असली की केस गुळगुळीत राहतो आणि आतला ओलावा टिकतो. ऊन, वारा, खारे पाणी, कडक साबण आणि घासाघीस यांनी ती उचकटतात. मग एका केसाची खवली दुसऱ्यात अडकतात, आणि त्यालाच आपण गुंता म्हणतो.

केसाच्या मुळाशी निसर्गाने तेलाच्या बारीक ग्रंथी दिल्या आहेत. केस सरळ असेल तर हे तेल उतारावरच्या पाण्यासारखे खालपर्यंत ओघळते. कुरळ्या केसाला वळणेच वळणे. तेल पहिल्या वळणांतच अडते आणि शेंडे कोरडे राहतात. पाटाला वळणे फार असली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून कुरळे केस हा दोष नाही, आजार नाही. त्या केसांना वरून थोडा स्निग्धांश द्यावा लागतो, एवढेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तेल म्हणजे पाणी नव्हे. ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा धरून ठेवते. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण फळझाडाच्या आळ्यात आच्छादन करतो ते पाणी दिल्यावर. कोरड्या जमिनीवर कितीही पालापाचोळा पसरला तरी जमीन कोरडीच राहते. केसांचेही तसेच आहे. आधी पाणी, मग लोणी. कोरड्या केसांना तेल थापले तर केस तेलकट दिसतात, पण राठपणा जात नाही.

कोणते लोणी, कोणते तूप?

कोकमतेल : हे नेहमीच्या हवेत घट्ट, मेणासारखे राहते आणि साधारण चाळीस अंश उष्णतेच्या आसपास वितळते. आपल्या अंगाची उष्णता सदतीस अंश, म्हणून तळहातावर चोळले की ते सावकाश मऊ होते. त्यातला मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा आणि त्याखालोखाल ओलिक आम्लाचा असतो. स्टिअरिक आम्लामुळे ते घट्ट राहते, लवकर खवट होत नाही आणि केसावर पातळ थर धरते. त्याला वासही फारसा नसतो.

खोबरेल तेल : हे चोवीस-पंचवीस अंशांना वितळते. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते आणि धुताना केसातील प्रथिनांची झीज कमी करते. म्हणून खोबरेल आत आणि कोकमतेल वर, अशी ही जोडी चांगली जमते.

मोहाच्या बियांचे तेल : गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, पालघरकडच्या वाचकांना हे माहीत आहे. थंडीत ते तुपासारखे गोठते. कोकम जिथे नाही तिथे हे वापरावे. वास थोडा उग्र असतो, म्हणून निम्मे खोबरेल मिसळावे. शहरातल्या दुकानांत हल्ली शिया बटर नावाची डबी मिळते. ते पश्चिम आफ्रिकेतील शिया झाडाच्या बियांचे लोणी. घाना, माली, बुर्किना फासो ह्या देशांतील खेड्यांतल्या बायका बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून ते काढतात आणि कुरळ्या केसांना व अंगाला पिढ्यान्‌पिढ्या लावीत आल्या आहेत. शिया, मोह आणि आपला चिकू ही एकाच कुळातली झाडे होत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. विकत घ्यायला हरकत नाही, पण घरच्या मोहाकडे पाठ फिरवून नको.

आंब्याची कोय : कोयीतल्या गरातही घट्ट स्निग्धांश असतो. पण तो वाळलेल्या गराच्या शेकडा दहाच्या आसपासच, त्यामुळे घरगुती रीतीने हाताला फारसे काही लागत नाही. ते कारखान्याचे काम आहे.

दुधाचे लोणी : जुन्या बायका लहान मुलांच्या डोक्याला ताजे लोणी लावीत. पण लोण्यात पाण्याचा आणि ताकाचा अंश असतो. ते केसांत आंबते, वास येतो, मुंग्या लागतात. लावायचेच तर कढवून केलेले तूप अगदी थोडे लावावे आणि डोके त्याच दिवशी धुवावे. खरे तर घरातले लोणी मुलांच्या पोटात गेलेले बरे.

एरंडेल : हे फार चिकट असते. लांब, कुरळ्या केसांवर नुसते एरंडेल भरपूर थापू नये. गुंता सुटायच्या ऐवजी वाढतो.

घरच्या घरी कोकमतेल

कोकमाच्या फळात पाच ते आठ बिया असतात. वाळलेल्या बियांत स्निग्धांशाचे प्रमाण शेकडा तेवीस ते सव्वीस असते. म्हणजे एक किलो सुक्या बियांत पाव किलोच्या आसपास तेल असते. घरगुती रीतीत ते सगळे हाती येत नाही, काही चोथ्यात राहते. तरी एका घराला वर्षभर पुरेल इतके सहज निघते.

१) फळे फोडल्यावर गरासकट बिया पाण्यात चोळून स्वच्छ धुवाव्या. आगळासाठी मीठ लावलेल्या बिया असतील तर मीठ पूर्ण जाईपर्यंत धुवाव्या.

२) कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवाव्या. बी हलवले की आत खुळखुळले पाहिजे. ओलसर बियांना बुरशी येते आणि तेल खराब निघते. पावसाआधी हे काम उरकावे.

३) बिया हलक्या हाताने ठेचून टरफल काढावे आणि सुपात पाखडावे. टरफल जितके कमी राहील तितके तेल स्वच्छ निघते.

४) गर उखळात कुटून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटावा.

५) वाटलेल्या गराच्या तीन-चार पट पाणी घालून मंद आचेवर तास-दीड तास उकळावे. अधूनमधून ढवळावे. तेल वर तरंगू लागते.

६) भांडे उतरवून रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी वर पांढुरकी साय घट्ट झालेली दिसते. ती अलगद काढून घ्यावी.

७) ही साय पुन्हा मंद आचेवर वितळवावी. तडतडणे थांबले म्हणजे पाणी आटले असे समजावे. स्वच्छ फडक्यातून गाळून, कोमट असताना मुठीत दाबून गोळे वळावे.

गोळा पांढुरका, किंचित पिवळट किंवा करडा असतो. तो कोरड्या बरणीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावा. ओला हात लावू नये. खवट वास आला तर केसांना लावू नये. राहिलेला चोथा शेणखतात मिसळावा.

बाजारातून घेताना वास घेऊन पाहावा आणि तुकडा तळहातावर चोळून पाहावा. तो सावकाश मऊ होऊन त्वचेत मुरतो. मेणाची भेसळ असेल तर तो लवकर विरघळत नाही आणि हातावर मेणकट थर राहतो.

लावण्याची रीत

नुसते कोकमतेल फार घट्ट असते, ते केसांवर पसरत नाही. म्हणून एक भाग कोकमतेल आणि दोन ते तीन भाग खोबरेल असे मिश्रण करावे. थंडीत खोबरेल जास्त, उन्हाळ्यात कोकमतेल जास्त घ्यावे. वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे, थेट चुलीवर ठेवू नये. तेल पेट घेते आणि भाजण्याची भीती असते. मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. वितळल्यावर वाटी गार पाण्यात धरून ढवळत राहावे, म्हणजे मिश्रण रवाळ होत नाही.

न्हाणे झाल्यावर केसांतले पाणी जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. खरखरीत पंचाने खसखसा पुसू नये. केस ओलसर असतानाच हरभऱ्याच्या दाण्याएवढे मिश्रण तळहातावर चोळून वितळवावे आणि शेंड्यांकडून वर, केसांच्या निम्म्या लांबीपर्यंत लावावे. कमरेपर्यंत लांब, दाट केस असतील तर लहान सुपारीएवढे पुरे. टाळूला लावायचे नाही. टाळूचे स्वतःचे तेल असते. तिथे थर दिला तर मळ धरतो.

मग केसांचे चार भाग करून, आधी बोटांनी आणि नंतर रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावे. सुरुवात नेहमी शेंड्यापासून करावी. चार बोटे विंचरून झाले की थोडे वर सरकावे. मुळापासून ओढत आणले की सगळा गुंता खाली गोळा होतो, मुलगी रडते आणि केस तुटतो. बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी आहे, कुरळ्या केसांचा रोजचा गुंता काढायला नाही.

फार राठ केसांना न्हाण्याच्या आदल्या रात्रीही थोडे मिश्रण लावून सैल वेणी घालावी. असे आठवड्यातून एकदा केले तरी चालते. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात.

न्हाण्याचे पाणी आणि साबण

घाटावरच्या पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील चुन्याचा व मॅग्नेशियमचा साबणाशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढुरकी किटण दिसते, तीच केसांवरही बसते. मग केस ताठ आणि निस्तेज दिसतात, आणि आपण आणखी साबण घासतो. कपड्याची वडी आणि धुण्याचा सोडा डोक्याला कधीही लावू नये. शिकेकाई किंवा रिठा वापरावा. शाम्पू घेतला तर अर्ध्या तांब्या पाण्यात पातळ करून तो टाळूला चोळावा. खाली येणाऱ्या फेसाने केसांची लांबी आपोआप धुतली जाते. शेवटचे दोन तांबे पागोळीचे पावसाचे पाणी मिळाले तर उत्तम. रिठा-शिकेकाई डोळ्यांत जाऊ देऊ नये.

रानात काम करणाऱ्या भगिनींनी वेणी घालून वर सुती फडके बांधावे. मळणीच्या दिवसांत तर हे हवेच. ओले केस घट्ट बांधून कामाला जाऊ नये. ओला केस ताण सोसत नाही.

काय होईल, काय होणार नाही

कोकमतेलाने नवे केस उगवत नाहीत, पांढरे केस काळे होत नाहीत आणि कुरळे केस सरळ होत नाहीत. असे सांगून कोणी डबी विकत असेल तर पैसे जपून ठेवावे. केस मऊ होतात, तुटणे कमी होते, गुंता लवकर सुटतो. एवढा गुण येतो आणि तेवढा पुरेसा आहे.

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून फार गळत असतील, चाई पडली असेल, टाळूला खपल्या धरून खाज किंवा पू असेल, तर तेलाचा नाद सोडून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कोंडा फार असेल तेव्हा तेलाने तो वाढतो. बायकांच्या केसगळतीमागे पुष्कळदा अंगात रक्त कमी असणे हे कारण असते. त्याला लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, नाचणी, कडधान्ये, अंडी हा उपाय. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. नवीन तेल पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ आले नाही तर वापरावे.

जट आणि भीती

आता पहिल्या घराकडे परत येतो. कुरळे, दाट केस काही आठवडे विंचरले नाहीत, त्यांत साबणाचा साका, धूळ, घाम साठला की केस एकमेकांत विणले जाऊन लोकरीच्या नमद्यासारखी गादी होते. हीच जट. देवाचा कौल समजून ती वाढविली जाते. तिचे वजन मानेला होते, आत उवा होतात, जखमा होतात. आणि मुलीच्या नशिबी त्याहून वाईट येते. तिला देवाला सोडण्याची भाषा सुरू होते. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ साली झाला, आणि अनिष्ट, अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, घरच्यांची समजूत घालून जटा सोडवीत आले आहेत. त्यांची मदत घ्यावी.

गुंता नवा, बोटभर असेल तर तो ओला करून, त्यात कोकमतेल-खोबरेल मुरवून, दोन-तीन दिवसांत बोटांनी सुटतो. जुनी, वाळलेली जट तेलाने सुटत नाही. ती कापावीच लागते. कापल्याने काही होत नाही. केस निर्जीव धागा आहे, कापला तर दुखतही नाही, आणि एका वर्षात चार-पाच इंच नवा येतो.

बाप मंडळींना माझे एक सांगणे आहे. मुलीचे केस हे बायकांचे काम म्हणून उठून जाऊ नका. म्हशीच्या अंगाला खरारा करताना आपल्याला लाज वाटत नाही. रविवारी दुपारी पाऊण तास लेकीला पुढे बसवून शेंड्याकडून वर विंचरावयास काहीच हरकत नाही. ज्या घरात बाप कंगवा हातात घेतो, त्या घरात जटेची गोष्ट काढण्याचे धाडस कोणी करीत नाही.

बांधावर एक कोकम

कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवून लावलेल्या झाडांत निम्मी नर निघू शकतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून मृदकाष्ठ कलमे लावावी. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस ह्या जाती दिल्या आहेत. कलम खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. बाग नसेल तर बांधावर, विहिरीच्या कडेला एक-दोन झाडे पुरेत. पाच-सहा वर्षांत फळ धरते.

ज्या वाडीत बचत गट आहे, तिथल्या भगिनींनी यंदा बिया उकिरड्यावर टाकण्याआधी एकत्र कराव्या. एकेका घरच्या बिया थोड्या असतात, पण दहा घरच्या मिळून उकळण्याजोग्या होतात. आधी घरच्या लेकींच्या केसांना आणि आपल्या टाचांना पुरेल इतके ठेवावे, उरले तर विकावे.

सिंधुदुर्गातली ती मुलगी पुढे बारावी झाली. मधे एकदा तिच्या आजी बाजारात भेटल्या. नातीच्या केसांचे विचारले तर म्हणाल्या, "आता तीच माका फणी करता." आणि पिशवीतून फडक्यात बांधलेला एक पांढुरका गोळा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. माझ्या डोक्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमका पायाकच लावा."